विमान प्रतिकृतींची एंजिने : कडीयुक्त आणि कडीरहित

विमान प्रतिकृती उडविण्यासाठी वापरण्यात येणारी, आकाराने अतिशय लहान अशी अंतर्ज्वलन एंजिने. त्यांचे सिलिंडरातील घनफळ ०·१६ घ. सेंमी.पासून १०० घ. सेंमी.हूनही अधिक असते. मात्र छंद म्हणून वापरली जाणारी बहुसंख्य एंजिने ०·८ ते १५ घ. सेंमी. या मर्यादेत येतात. अमेरिकन प्रथेप्रमाणे एंजिनाच्या नावापुढील अंक घन इंचाचे शतांश दर्शवितो, उदा., ‘४०’ म्हणजे सु. ६·५ घ. सेंमी. व ‘६०’ म्हणजे सु. १० घ. सेंमी. दट्ट्या (पिस्टन) व सिलिंडर यांच्यामधून वायू निसटू नये म्हणून जी योजना केलेली असते, तीवरून या एंजिनांचे दोन वर्ग पडतात. दट्ट्यावरील खाचेत स्थितिस्थापक कडी (रिंग) बसविलेली असल्यास एंजिन कडीयुक्त म्हटले जाते. अशी कडी नसून दट्ट्या व सिलिंडराचे अस्तर यांच्या काटेकोर मापांवरच वायुरोध अवलंबून असल्यास ते कडीरहित होय. हा भेद वरवर पाहता एका लहानशा सुट्या भागापुरता वाटतो. परंतु एंजिन कसे सुरू करावे, नवे असताना कसे रुळवावे, त्याला कोणते वंगण द्यावे व झिजल्यावर काय करावे या सर्व बाबी त्यावरून ठरतात. एका वर्गाला हितकारक असलेली पद्धत दुसऱ्या वर्गाचे नवे एंजिन थोड्याच वेळात निकामी करू शकते. म्हणून निवड करण्यापूर्वी दोन्ही रचनांमागील तत्त्व समजून घेणे आवश्यक ठरते.

वायुरोधाचा प्रश्न : मोटारीच्या एंजिनात दट्ट्यावर बहुधा तीन कड्या असतात व त्यांच्याविषयी विशेष विचार करण्याचा प्रसंग वापरणाऱ्यावर येत नाही. लहान एंजिनात मात्र हा प्रश्न तीव्र होतो. एंजिनाची सर्व मापे निम्मी केली, तर सिलिंडराचे घनफळ एक-अष्टमांश होते. पण वायू ज्या फटीतून निसटतो तिची लांबी, म्हणजे सिलिंडराचा परीघ, केवळ निम्मा होतो. फट तेवढीच रुंद राहिल्यास घनफळाच्या मानाने गळती चौपट होते. म्हणजेच एंजिन जितके लहान तितकी फट अधिक अरुंद ठेवावी लागते.

याच्या उलट दिशेने काम करणारा घटक म्हणजे वेग. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात एक फेरा १/२०० सेकंदात पूर्ण होतो. एवढ्या अल्पावधीत फारसा वायू निसटू शकत नाही. परंतु एंजिन हाताने प्रचालकाला (पंख्याला) झटका देऊन सुरू करताना हा वेग अगदी कमी असतो. त्यामुळे झिजलेले एंजिन एकदा चालू झाल्यावर बऱ्यापैकी चालते, मात्र ते सुरू होण्यास दाद देत नाही. वायुरोधाची खरी कसोटी सुरू करण्याच्या क्षणी लागते, असे म्हणता येईल.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. ज्वलनाशी थेट संपर्क असल्याने दट्ट्या हा अस्तरापेक्षा अधिक तापतो. थंड असताना नेमका बसणारा दट्ट्या तापल्यावर प्रसरण पावून अडकेल आणि तापल्यावर मोकळा राहील असा बनवला, तर थंड असताना गळेल. निरनिराळ्या धातूंचे प्रसरण गुणांक लक्षात घेतल्यास या पेचातून सुटण्याचे मार्ग स्पष्ट होतात. दर अंश सेल्सिअसला लांबीतील वाढ दशलक्षांशांत मांडल्यास ती बिडाची (ओतीव लोखंडाची) सु. १०·५, पोलादाची सु. १२, पितळाची सु. १९·५, नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची सु. २३ आणि सिलिकॉनाचे प्रमाण भरपूर असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची सु. १७ असते.

उदाहरणादाखल २० मिमी. व्यासाचे सिलिंडर घेऊ आणि दट्ट्याचे तापमान २००° से.ने व अस्तराच्या वरच्या भागाचे १७०° से.ने वाढते असे मानू. बिडाचा दट्ट्या ०·०४२ मिमी.ने वाढेल व पोलादी अस्तर ०·०४१ मिमी.ने, म्हणजे जोडी जवळजवळ जशीच्या तशी राहील. नेहमीच्या ॲल्युमिनियमाचा दट्ट्या ०·०९२ मिमी.ने वाढेल, पोलादी अस्तरात तो मोकळा हलावयाचा असेल, तर थंड स्थितीत किमान ०·०५ मिमी. फट ठेवावी लागेल व ती बुजविण्यास कडी लागेल. सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमाचा दट्ट्या ०·०६८ मिमी.ने व पितळी अस्तर ०·०६६ मिमी.ने वाढेल, येथेही जोडी टिकून राहील. प्रतिकृती एंजिनांच्या तिन्ही प्रमुख रचना या एका हिशेबातून निघतात.

इतिहास : अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी १९३४ च्या सुमारास बाजारात आणलेले ‘ब्राउन ज्युनिअर’ हे सु. १० घ. सेंमी.चे ठिणगी-गुडदीचे (स्पार्क प्लगचे) एंजिन हे मोठ्या प्रमाणावर विकले गेलेले एक प्रारंभीचे प्रतिकृती एंजिन होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यूरोपात ईथरयुक्त इंधनावर चालणारी संपीडन-प्रज्वलन एंजिने (छंदिकांच्या बोलीत ‘डीझेल’) पुढे आली. १९४७ मध्ये रे आर्डेन यांच्या तप्ततंतू गुडदीमुळे (ग्लो प्लगमुळे) ठिणगीसाठी लागणारे वेटोळे व विद्युत् घटमाला विमानात वाहून नेण्याची गरज उरली नाही आणि मिथेनॉलावर चालणारी हलकी द्विधाव (दोन धावांत चक्र पूर्ण करणारी) एंजिने सर्वत्र रूढ झाली.

या काळात दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदत होत्या. कसरतीच्या तारनियंत्रित प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध झालेल्या ‘फॉक्स ३५’ सारख्या एंजिनांत पोलादी अस्तरात बिडाचा दट्ट्या असे. तर युद्धोत्तर काळातील ‘मॅकॉय ६०’ व ‘डूलिंग ६१’ या शर्यतीच्या एंजिनांत ॲल्युमिनियमाचा हलका दट्ट्या व त्यावर कड्या असत. १९६०–७० या दशकात अमेरिकेतील बिल विस्नीव्स्की यांनी तारनियंत्रित वेगस्पर्धांच्या एंजिनांत ॲल्युमिनियमाचा दट्ट्या व क्रोमियमाचा मुलामा दिलेले पितळी अस्तर अशी जोडी वापरली. ॲल्युमिनियम, ब्रास (पितळ) व क्रोम यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘एबीसी’ या नावाने ओळखली जाते. पुढे ही रचना शर्यतीपुरती न राहता नवशिक्यांच्या साध्या एंजिनांतही आली. १९७६ मध्ये जपानच्या ओ. एस. या कंपनीने ‘एफएस-६०’ हे चतुर्धाव (चार धावांचे) एंजिन मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणले व त्या वर्गात कडीयुक्त रचनेला कायमचे स्थान मिळाले.

कडीरहित रचना : हिचे दोन पोटप्रकार आहेत. पहिल्यात बिडाचा दट्ट्या पोलादी अस्तरात बारीक अपघर्षकाने घासून जोडीने बसविलेला असतो. या क्रियेला लॅपिंग म्हणतात. दोहोंतील फट मिलिमीटराच्या काही सहस्रांशांइतकीच असते आणि ती तेलाच्या पटलाने भरून निघते. बिडातील ग्रॅफाइटाचे कण तेल धरून ठेवतात, म्हणून हा दट्ट्या दीर्घकाळ टिकतो. लहान डीझेल एंजिने बहुधा याच रचनेची असतात. त्यांना प्रज्वलनासाठी उच्च संपीडन लागते व ते अशा घट्ट जोडीनेच मिळते. मात्र बिडाची घनता ॲल्युमिनियमाच्या अडीचपटींहून अधिक असल्याने दट्ट्या जड होतो, कंप वाढतात आणि वेगाला मर्यादा पडते. शिवाय प्रमाणाबाहेर तापल्यास दट्ट्याला अस्तरात घासटून फिरावे लागते. एंजिनाचा वेग मंदावतो व अखेर ते अडकून बंद पडते.

दुसरा पोटप्रकार एबीसीचा होय. यातील सिलिकॉनयुक्त दट्ट्या दर अंशाला कमी प्रसरण पावतो पण अधिक तापतो. पितळी अस्तर दर अंशाला अधिक प्रसरण पावते पण कमी तापते. दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखे येत असल्याने चालू स्थितीत फट योग्य राहते. पितळ मऊ असल्याने त्याच्या आतील पृष्ठावर कठीण क्रोमियमाचा मुलामा आवश्यक असतो. क्रोमियमाऐवजी निकेल वापरल्यास त्या रचनेला एबीएन व पितळाऐवजी ॲल्युमिनियमाचे अस्तर असल्यास एएसी म्हणतात.

अस्तराचा वरचा भाग ज्वलनकक्षाजवळ असल्याने जास्त तापतो, तर खालचा भाग ताज्या मिश्रणामुळे तुलनेने थंड राहतो. म्हणून थंड स्थितीत अस्तराचे छिद्र वर किंचित निमुळते ठेवतात. तापल्यावर वरचा भाग अधिक फुगून छिद्र सरळ होते. याचा परिणाम नव्या एंजिनात हाताला जाणवतो. प्रचालक फिरवून दट्ट्या वरच्या टोकाला नेला, की तो आवळल्यासारखा होतो व कधी बारीक किरकिर ऐकू येते. अननुभवी माणसाला हा दोष वाटतो. वास्तविक ते योग्य मापांचे लक्षण असते. उलट थंड असतानाच वरच्या टोकाला सहज फिरणारे वापरलेले एबीसी एंजिन तापल्यावर गळण्याचा संभव अधिक असतो.

या रचनेत भाग कमी, दट्ट्या हलका व घर्षण अल्प असते. ‘एफ२ए’ या आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धा वर्गातील २·५ घ. सेंमी.ची एंजिने मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास फेरे घेतात, ती याच तत्त्वावर.

कडीयुक्त रचना : येथे दट्ट्या नेहमीच्या ॲल्युमिनियमाचा असून तो अस्तरात काही शतांश मिलिमीटर मोकळा असतो. त्याच्या वरच्या भागातील खाचेत बहुधा बिडाची एकच फटयुक्त कडी असते. मोकळी असताना ती सिलिंडरापेक्षा किंचित मोठी असते. दाबून आत बसविल्यावर स्वतःच्या ताणाने ती भिंतीला टेकून राहते. तथापि वायुरोधाचे मुख्य काम हा ताण करीत नाही. संपीडन व ज्वलन यांच्या वेळी वायू खाचेत शिरून कडीच्या पाठीमागे जातो व तिला बाहेर रेटतो. दाब जितका जास्त तितकी कडी अधिक घट्ट बसते. कडी भिंतीबरोबर स्वतःला जुळवून घेत असल्यामुळे दट्ट्या व अस्तर यांच्या प्रसरणातील फरक आणि काही अंशी झीजही ती भरून काढते.

द्विधाव एंजिनाच्या भिंतीत मिश्रण आत येण्याची व जळलेला वायू बाहेर जाण्याची द्वारे असतात. कडीची टोके द्वारात अडकली, तर कडी मोडून तुकडे सिलिंडर ओरबाडतात. हे टळावे म्हणून खाचेत एक बारीक खुंटी बसवून टोके द्वारांपासून दूर, ठराविक जागी अडवितात. कडी बदलताना ही खुंटी दोन टोकांच्या मध्येच आली आहे याची खात्री करणे अत्यावश्यक असते. चतुर्धाव एंजिनात भिंत सलग असते. तेथे हा धोका नसतो.

कडीची खरी मर्यादा अतिवेगात दिसते. १५ मिमी. व्यास व १४ मिमी. धाव असलेले २·५ घ. सेंमी.चे एंजिन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर वरच्या टोकाला दट्ट्याचा प्रवेग गुरुत्व प्रवेगाच्या सु. ९,००० पट होतो. २४ मिमी. व्यास व २२ मिमी. धाव असलेल्या १० घ. सेंमी.च्या एंजिनात १२,००० फेऱ्यांना तो सु. २,२०० पट असतो. प्रवेग फार वाढला, की कडी खाचेच्या तळापासून उचलली जाऊन फडफडू लागते व तिच्यामागील दाब निसटतो. कडी पातळ व हलकी केल्यास हे टळते. इंग्रज अभियंता डाइक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी इंग्रजी ‘एल’ आकाराच्या छेदाची कडी याच हेतूने वापरतात. तिची उभी बाजू दट्ट्याच्या माथ्याच्या कडेशी येत असल्याने वायूचा दाब तिच्यावर तात्काळ पडतो.

रुळविणे : नव्या एंजिनाचे एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग सुरुवातीच्या काळात परस्परांशी जुळवून घेतात. या अवस्थेत एंजिन कसे चालवावे याविषयीचा गोंधळ हे अनेक चांगली एंजिने वाया जाण्याचे कारण ठरते.

कडीयुक्त एंजिनात कडीचा संपूर्ण परीघ भिंतीला टेकेपर्यंत बाहेर आलेले बिंदू झिजावे लागतात व त्या ठिकाणी उष्णता उत्पन्न होते. म्हणून सूचिझडप मोकळी ठेवून समृद्ध (इंधन अधिक असलेल्या) मिश्रणावर, भरपूर वंगण मिळेल व तापमान कमी राहील अशा रीतीने, एंजिन दीर्घकाळ चालवितात आणि मिश्रण टप्प्याटप्प्याने विरल करीत नेतात. सुमारे एक लिटर किंवा अधिक इंधन यात खर्ची पडू शकते. बिडाचा दट्ट्या असलेल्या एंजिनालाही अशीच, किंबहुना अधिक सबुरीची वागणूक लागते.

एबीसी एंजिनाला हीच वागणूक घातक ठरते. फार समृद्ध मिश्रणावर ते पुरेसे तापत नाही, अस्तराचा वरचा भाग फुगत नाही आणि दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात निमुळत्या भागात ठोकला जातो. त्यामुळे दट्ट्याची वरची कड अकाली झिजते व संयोग दांड्यावर (कनेक्टिंग रॉडवर) अनाठायी ताण येतो. अर्धा तास ‘सावकाश’ चालविलेल्या एंजिनाची जोडी अशा रीतीने कायमची सैल होऊ शकते. म्हणून हे एंजिन प्रथमपासून त्याच्या नेहमीच्या कार्यकारी तापमानाच्या जवळ, किंचित समृद्ध मिश्रणावर पण द्विधाव आवाज स्पष्ट येईल इतक्या वेगाने, एकदोन मिनिटांच्या लहान पाळ्यांत चालवितात व प्रत्येक पाळीनंतर पूर्ण थंड होऊ देतात. तापणे व निवणे यांच्या या आवर्तनांनी भाग स्थिरावतात. फार आवळणारे एंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी केस वाळविण्याच्या यंत्राने शीर्ष व सिलिंडर कोमट केल्यास अस्तर फुगते व ताण टळतो.

इंधन व वंगण : तप्ततंतू एंजिनांच्या इंधनात सर्वसाधारणपणे ७० ते ८० टक्के मिथेनॉल, १८ ते २५ टक्के तेल व गरजेनुसार नायट्रोमिथेन असते. डीझेल एंजिनांसाठी ईथर, केरोसीन व एरंडेल साधारण समप्रमाणात घेतात. खनिज तेल मिथेनॉलात मिसळत नाही. एरंडेल मात्र सहज मिसळते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असल्याने हे वंगण येथे सुलभ आहे.

तीव्र उष्णतेतही एरंडेलाचे पटल टिकून राहते, म्हणून बिडाच्या दट्ट्यासाठी ते जवळजवळ अपरिहार्य मानतात. परंतु ते अर्धवट जळून तपकिरी, चिकट थर बसतो. कडीरहित एंजिनात हा थर सहसा फार त्रास देत नाही. कडीयुक्त एंजिनात मात्र कडी खाचेत चिकटते, तिची हालचाल थांबते व दट्ट्याच्या बाजूने वायू निसटू लागतो. म्हणून कडीयुक्त एंजिनासाठी स्वच्छ जळणारे संश्लेषित (कृत्रिम) तेल मुख्य ठेवून त्यात थोडे एरंडेल मिसळणे श्रेयस्कर असते. केवळ संश्लेषित तेल वापरल्यास विरल मिश्रणावर चुकून झालेली एखादी फेरी महाग पडू शकते.

अशी चूक घडल्यास दोन्ही रचनांचे वर्तन भिन्न असते. एबीसी एंजिनात अस्तरही दट्ट्याबरोबर फुगत असल्याने ते बहुधा अडकत नाही. शक्ती घटते व मिश्रण सुधारल्यावर ते पूर्ववत होते. कडीयुक्त एंजिनात फार तापलेल्या कडीचा ताण कायमचा जातो व दट्ट्याच्या बाजूंवर ओरखडे उठतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती एंजिनांत तेलाचे प्रमाण पेट्रोलच्या १/२५ ते १/५० इतकेच असते. एवढ्या कमी तेलात फट भरून निघत नाही. म्हणून ती एंजिने कडीयुक्तच असतात. चतुर्धाव एंजिनांतही कडी जवळजवळ सार्वत्रिक आहे.

झीज व दुरुस्ती : कडी झिजल्यास ती बदलता येते. तिची किंमत एंजिनाच्या मानाने अल्प असते व सिलिंडर सुस्थितीत असल्यास एंजिन जवळजवळ नव्यासारखे होते. नवी कडी बसविल्यावर मात्र ते पुन्हा रुळवावे लागते. एबीसी एंजिनात दट्ट्या व अस्तर यांची जोडी कारखान्यात मापे जुळवून ठरविलेली असते. एक भाग झिजल्यास दोन्ही बदलावे लागतात व हा खर्च नव्या एंजिनाच्या किंमतीचा मोठा हिस्सा असतो. क्रोमियमाचा किंवा निकेलाचा मुलामा सुटू लागल्यास तर दुरुस्ती संभवतच नाही.

वापरलेले एंजिन घेताना काही खुणा उपयोगी पडतात. कडीयुक्त एंजिनात निष्कास द्वारातून पाहिल्यास दट्ट्याच्या बाजूवर कडीखाली तपकिरी किंवा काळे पट्टे दिसले, तर वायू कडीला ओलांडून जात आहे असे समजावे. एबीसी एंजिन थंड असताना सुरू होऊन तापल्यावर पुन्हा सुरू होण्यास नकार देत असेल, तर त्याची जोडी झिजली आहे असे मानण्यास हरकत नाही. दोन्ही प्रकारांत मिथेनॉलाने ओढून घेतलेली आर्द्रता व ज्वलनात निर्माण झालेली आम्ले पोलादी भाग गंजवितात. क्रोमियमाच्या मुलाम्याला गंज चढत नसला, तरी धारव्यांना (बेअरिंगांना) चढतो. म्हणून दिवसाच्या अखेरीस टाकीतील इंधन संपेपर्यंत एंजिन चालवून आत गंजरोधी तेलाचे थेंब सोडणे इष्ट असते. दमट किनारपट्टीवर व पावसाळ्यात तर ते टाळता येत नाही.

निवड : घनफळ हा निवडीचा पहिला निकष होय. सु. ७·५ घ. सेंमी.पर्यंत कडीरहित रचना सामान्यतः सरस ठरते. लहान सिलिंडरात कडीचे घर्षण व तिच्या टोकांतील गळती प्रमाणाने जास्त असते, तसेच अतिसूक्ष्म कडी बनविणे व हाताळणे कठीण जाते. घनफळ १० घ. सेंमी.च्या पुढे गेल्यावर पारडे कडीकडे झुकते. व्यास वाढल्यावर प्रसरणातील फरक व सिलिंडराची वेडीवाकडी होण्याची प्रवृत्ती वाढते आणि वरच्या टोकाचे आवळणे हाताने पार करणे अवघड होते. यांच्या दरम्यान दोन्ही रचना आढळतात व तेथे उपयोगाचा विचार करावा लागतो.

शर्यतीसाठी अतिवेग व हलकेपणा हवा असल्यास कडीरहित एंजिन घ्यावे. मोठा प्रचालक कमी वेगाने फिरवावयाचा असेल, दीर्घ उड्डाणे करावयाची असतील किंवा हुबेहूब प्रतिकृतीसाठी सौम्य चालणारे एंजिन हवे असेल, तर कडीयुक्त, विशेषतः चतुर्धाव, एंजिन योग्य होय. नवशिक्यासाठी मध्यम आकाराचे एबीसी एंजिन सोयीचे असते. ते लवकर रुळते व सूचिझडपेच्या हाताळणीतील चुका बऱ्याच अंशी सहन करते. मात्र त्याच्यावर दीर्घकाळ अतिसमृद्ध मिश्रणाचा प्रयोग करू नये, हे त्याला प्रथमच सांगितले पाहिजे.

परिसराचाही विचार करावा लागतो. या एंजिनांना सहसा हवा गाळण्याची सोय नसते. महाराष्ट्रातील कोरड्या, धुळीच्या मैदानांवर उडविताना कार्ब्युरेटरातून जाणारे रेतीचे कण दोन्ही प्रकारच्या सिलिंडरांना झिजवितात. परंतु कडीयुक्त एंजिनात त्या झिजेची भरपाई पुष्कळदा एका कडीने होते, तर कडीरहित एंजिनात पूर्ण जोडी गमवावी लागते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसीच्या) हवाई शाखेत विमान प्रतिकृतींचे प्रशिक्षण दिले जाते व अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्यांच्या स्पर्धा होतात. अशा ठिकाणी एकच एंजिन अनेक हातांतून जाते. तेथे एंजिनाबरोबर त्याची रचना व रुळविण्याची रीत यांची लेखी नोंद ठेवल्यास बरेच नुकसान टळू शकते.

निवडीचा शेवटचा निकष सुटे भाग मिळण्याचा आहे. उत्पादन बंद झालेल्या एंजिनाची कडी कुशल यंत्रकारागीर बिडाच्या नळीपासून कातून देऊ शकतो. एबीसी जोडी तयार करणे मात्र सामान्य कार्यशाळेच्या आवाक्याबाहेरचे असते. जुने एंजिन दीर्घकाळ वापरात ठेवू इच्छिणाऱ्याला ही बाब शक्ती व वेग यांपेक्षा महत्त्वाची वाटेल.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून लिथियम-पॉलिमर विद्युत् घट व ब्रशविरहित विद्युत् चलित्रे (मोटरी) यांनी लहान प्रतिकृतींतून एंजिनांना मोठ्या प्रमाणावर हटविले. तरीही तारनियंत्रित स्पर्धा व मोठ्या आकाराच्या प्रतिकृती यांत अंतर्ज्वलन एंजिने वापरात आहेत. जुन्या एंजिनांचे जतन करणारेही पुष्कळ आहेत. नवे एंजिन वाया गेल्यास खर्च होतोच. पण उड्डाण घेताना शक्ती गमावणारे एंजिन काही महिन्यांच्या श्रमाने बांधलेली प्रतिकृती क्षणात जमिनीवर आदळविते. कोणती रचना श्रेष्ठ, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कडीयुक्त रचना मापांतील फरक एका लवचिक भागावर सोपविते व कडीरहित रचना धातूंच्या प्रसरणातच तो फरक मिटविते. आपल्या हातातील एंजिन यांपैकी कोणत्या मार्गाने जाते हे ओळखून त्याला तशी वागणूक दिल्यास दोन्ही प्रकार दीर्घकाळ चांगले काम देतात.